इंजिन गार होईपर्यंत

सिडनीच्या हिल्स भागात राहणाऱ्या तमाम मराठी कुटुंबांना अत्यंत गंभीरपणे आणि जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, जे काका तुमच्याकडे "पाचच मिनिटं, दारातूनच जातो" म्हणत आले आणि चहा, पोहे, रात्रीचं जेवण आणि वर बडीशेप घेऊन मगच हलले, ते तुमच्या प्रेमापोटी थांबलेले नव्हते. त्यांच्या गाडीचं इंजिन गरम होतं. ते गार होईपर्यंत त्यांना जाताच येत नव्हतं. ज्यांना या बातमीने धक्का बसला असेल त्यांनी आधी थोडं पाणी प्यावं आणि मग पुढे वाचावं.

हे गुपित मी बरीच वर्षं पोटात ठेवलं. मी काकांचा भाडेकरू होतो. केलीव्हिलमधल्या त्यांच्या घरामागे जो ग्रॅनी फ्लॅट आहे, त्या दोन खोल्यांत माझा संसार होता, म्हणजे एक लॅपटॉप, एक कुकर आणि एक गादी. काकांचं मीठ आणि काकूंची आमटी खाल्लेली. तेव्हा तोंड उघडायची सोय नव्हती. पण आता खुद्द काकूंनीच भर बैठकीत ते गुपित फोडलंय. तेव्हा मी मोकळा झालो.

काकांची सगळी नोकरी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत गेली. सोनं शोधणारे वेगळे. काका तिथली यंत्रं चालू ठेवणारे. घराएवढे ट्रक त्यांच्या हाताखाली. निवृत्त झाल्यावर लेक सिडनीत म्हणून हे दोघं सिडनीला आले, आणि येताना विमानाने न येता सगळं वाळवंट तुडवत गाडीने आले. गाडी डिझेलची, लांबलचक, म्हातारी. रंग एके काळी पांढरा असावा. माझ्या काळात तो चहा पिऊन न विसळलेल्या कपासारखा झाला होता. आवाज जात्यात खडे भरडल्यासारखा. त्यांची लेक त्या गाडीच्या मागच्या सीटवर झोपून झोपून लहानाची मोठी झालेली, त्यामुळे काकांच्या लेखी ती गाडी म्हणजे घरातलीच.

आणि गुणी सुद्धा. सकाळी किल्लीला नुसता हात लावला की सुरू. थंडीत शेजारच्या नव्याकोऱ्या गाड्या कुरकुरत असताना ही एका झटक्यात बोलायला लागायची. पण एकदा फिरून आली, तापली, बंद केली आणि दहा मिनिटांनी परत किल्ली फिरवली की संपलं. स्टार्टर मोठ्या उत्साहाने घर्र घर्र फिरायचा आणि इंजिन काही केल्या पेट घ्यायचं नाही. दीड-दोन तास तिच्या वाटेला जायचं नाही. गार झाली की काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत सुरू. ऑटोमॅटिक असल्यामुळे ढकलून चालू करायचीही सोय नव्हती.

समोर राहणारा म्हातारा ऑस्ट्रेलियन शेजारी कुंपणावर कोपर टेकून सल्ला द्यायचा, "सकाळी विकून टाक, मेट. सकाळी ती एकदम झकास असते."

काका विकणार? काका तिला मेकॅनिककडेसुद्धा नेत नव्हते. "मेकॅनिक काय करेल? हे बदलेल, ते बदलेल, आणि नशिबाने सुरू झाली तर बिल देईल. पण नेमकं काय झालं होतं ते त्यालाही कळणार नाही आणि मलाही. आधी निदान, मग औषध. यंत्र कधी खोटं बोलत नाही, मालक बोलतो."

हे शेवटचं वाक्य म्हणताना ते स्वतः गावभर खोटं बोलत फिरत होते, हा भाग वेगळा.

निदानाचं काकांना व्यसनच होतं. माझं वायफाय बंद पडलं, मी तक्रार घेऊन गेलो, तर पहिला प्रश्न, "गार असताना बंद पडतं की गरम असताना?" नळ गळतोय, तोच प्रश्न. त्या काळात माझं लग्न व्हायचं होतं आणि होणाऱ्या बायकोशी रोज फोनवर भांडण व्हायचं. एक दिवस माझा चेहरा बघून काकांनी खुर्ची ओढली. "सुरू कधी होतं भांडण? गार असताना की गरम असताना?"

मी वैतागून म्हटलं, "काका, ऑफिसातून आल्या आल्या. जेवणाआधी."

"म्हणजे इंधनपुरवठा," काका म्हणाले आणि वर्तमानपत्राकडे वळले.

तेव्हापासून मी तिला फोन करण्याआधी एक केळं खातो. लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून खातो.

त्यांचा दुसरा नियम म्हणजे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळणार कसं? हा नियम त्यांनी एकदा काकूंच्या आमटीला लावला. "आज काहीतरी चुकतंय," असं म्हणाले ते म्हणाले, आणि वर पद्धत सुचवली. मग सोमवारी फक्त गूळ वाढवला. मंगळवारी गूळ पूर्ववत, फक्त आमसूल. बुधवारी फक्त फोडणी. त्या आठवड्यात मीही तिथेच जेवत होतो, म्हणून सांगतो, आमटी अखंड तीच. शेवटी एक दिवस काकूंनी रिकामं पातेलं काकांच्या समोर ठेवलं. "आज मी एकच गोष्ट बदलली आहे. स्वयंपाकी. उठा."

तर गाडीचं दुखणं घरात, मला आणि समोरच्या म्हाताऱ्याला ठाऊक होतं. बाहेर कुणालाही कळता कामा नये असा हुकूम होता. "खाणीतले ट्रक सांभाळणारा माणूस मी. याची स्वतःची गाडी अडते हे कळलं तर तोंड कुठे दाखवू?" त्यामुळे त्यांच्या भेटीगाठींचे दोन प्रकार झाले होते. पहिला प्रकार चालत्या इंजिनाचा. गाडी धडधडत ठेवायची, आत काकू किंवा मी बसायचं, आणि काका दारातून डबा देऊन पळणार. इंडियन ग्रोसरीसमोर मी असा कितीतरी वेळा बसलोय. पण धुराने लोकांचे वाळत घातलेले कपडे काळे व्हायला लागले, तेव्हा हा प्रकार मागे पडला.

दुसरा प्रकार बैठकीचा. यात काकांची कला बघण्यासारखी होती. गाडी बंद झाली म्हणजे दोन तास काढायचेच, आणि यजमानाला संशय येऊ द्यायचा नाही. मग काका अल्बम मागायचे. शाळेतल्या मास्तरांची आठवण काढायला लावायचे. बाथरूमचा नळ दुरुस्त करून द्यायचे. आणि मधेच "आलोच हं" म्हणून बाहेर जायचे. लोकांना वाटायचं, फोन आला असेल. मी खिडकीतून बघितलंय. ते ड्राइव्हवेवर जाऊन बॉनेटवर तळहात ठेवायचे, लेकराचा ताप बघावा तसा. परत येऊन "वहिनी, अजून थोडा भात घेतो" म्हणाले की समजावं, गरम आहे. "चला, निघू या" म्हणाले की गार झाली.

याचा परिणाम असा झाला की काकांची कीर्ती पसरली. "हल्ली इतका वेळ देणारी माणसं राहिली आहेत का हो!" असं लोक म्हणायला लागले. परदेशात नवीन आलेल्या, एकट्या पडलेल्या कुटुंबांना जाऊन भेटायचं काम इथल्या मराठी मंडळाने काकांवर सोपवलं. काकांनी ते नम्रपणे स्वीकारलं. दुसरं करणार काय?

काकू मात्र मला एकदा कोथिंबीर निवडताना म्हणाल्या होत्या, "कालगुर्लीत हे कुणाकडे टेकले असतील तर शपथ. किल्ली हातात, पाय उंबऱ्यावर, चला चला. तेव्हा गाडी धडधाकट होती ना. मला तिथल्या बायकांची फक्त दारं माहीत आहेत रे." मी हसलो. तेव्हा मला त्यात फक्त विनोद दिसला होता.

ठिणगी पडली ती पेटीवाल्यांच्या घरी. हे गृहस्थ पॅरामॅटात बँकेच्या कम्प्युटर विभागात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि पेटी वाजवून स्वतः रचलेली पदं म्हणायचे. त्यांच्याकडे कुणी बसत नसे. काका तर त्यांची गल्लीसुद्धा टाळायचे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला म्हणून चालत्या इंजिनाने गेले, आणि हाताने सवयीने किल्ली बंद केली. झालं. पेटीवाल्यांनी पेटी काढली. काका हात बॉनेटवर ठेवून येत होते आणि पद ऐकत होते. शेवटी पेटीवाल्यांचे डोळे भरून आले. "काका, माझं सगळं कुणी ऐकलं नव्हतं हो आजवर." आणि त्यांनी दर महिन्याचं आमंत्रण देऊन टाकलं.

ही दर महिन्याची पदं गाडीपायी गळ्यात पडली, हे काकूंनी मनात टिपून ठेवलं. त्या बोलल्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा. मुलगा कालगुर्लीच्याच खाणीत इंजिनियर, त्यामुळे काका खूश. मुलाचे आई-वडील पुण्याहून पहिल्यांदाच येणार होते. मुलाची कालगुर्लीत शिफ्ट, लेकीची हॉस्पिटलात. "व्याह्यांना आणायला मी जाणार, आपल्या गाडीने," काकांनी जाहीर केलं.

काकूंनी हातातली पळी खाली ठेवली. "जा. पण एक ऐका. व्याह्यांसमोर ही गाडी एकदा जरी अडली, तर दुसऱ्या दिवशी ती भंगारात जाईल. मी स्वतः पोचवून येईन."

काकूंची धमकी आणि कृती यांत फार अंतर नसायचं, हे आमटीच्या वेळी सिद्ध झालं होतं. काका पांढरे पडले. दुसऱ्या दिवसापासून गॅरेजमध्ये कोर्टच भरलं. एकेक आरोपी उभा केला गेला. बॅटरी आणि स्टार्टर निर्दोष. गरम असतानाही तितक्याच जोमाने फिरतात. ग्लो प्लग तर गार इंजिनाची सोय; त्यांचा गुन्ह्याच्या वेळी संबंधच नाही. डिझेलच्या नळीत हवा शिरते का? काकांनी नळीचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक प्लास्टिकची नळी बसवली आणि आम्ही दोघं मत्स्यालय बघावं तसे तिच्याकडे बघत बसलो. एकही बुडबुडा नाही. मी न राहवून विचारलं, "काका, बॅटरी काढून परत लावू या का? आमच्याकडे बरेचदा त्यानेच होतं." काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा करायला गेलो.

उरला एकच. डिझेल पंप. काकांनी मला स्वयंपाकघरात नेऊन तुपाची बरणी दाखवली. "गार तूप चमच्यावर राहतं. तापवलं की बारीक फटीतून सुद्धा निसटतं. डिझेलचं तसंच. तापलं की पातळ. पंप आतून झिजला असेल तर पातळ डिझेल फटींतून परत मागे सरकतं, आणि स्टार्टरच्या संथ गतीला पुरेसा दाबच बनत नाही. इंजिन उपाशी."

"म्हणजे इंधनपुरवठा," मी म्हटलं.

"तर्क आहे नुसता. पुरावा कसा? इंजिन गरम ठेवायचं आणि फक्त पंप गार करायचा. सुरू झाली तर चोर सापडला."

"मग करू या ना आत्ताच!"

"पाहुणे उद्या सकाळी येतायत. घाईत प्रयोग करत नसतात. विमानतळावर तू चालत्या इंजिनात बस. लग्न झालं की बघू."

काका-काकू पाहुण्यांना घ्यायला आत गेले आणि विमानतळाच्या पार्किंगमध्ये मी धडधडत्या गाडीत बसलो. मागच्या सीटवर काकूंनी एस्कीत, म्हणजे पिकनिकच्या बर्फाच्या पेटीत, ठेवलेलं पाणी आणि पन्हं होतं, आणि आदल्या दिवशी आणलेली मानाची टॉवेल-टोपी प्लास्टिकच्या पिशवीत तशीच राहिली होती. थोड्या वेळाने पिवळं जॅकेट घातलेला एक धिप्पाड माणूस खोकत खोकत धुरातून प्रकट झाला. "बंद कर, मेट. लोक गुदमरतायत." मी हात जोडले, वैद्यकीय कारण सांगून बघितलं. "नाऊ, मेट." मी किल्ली फिरवली. धडधड थांबली आणि सगळं पार्किंग एकदम शांत झालं.

काकांना ती शांतता लांबूनच ऐकू आली. ट्रॉली ढकलत येता येता ते थबकले. जवळ येऊन अगदी हळू आवाजात म्हणाले, "बंद?"

"करायला लावली."

काकूंनी डोळे मिटले. सामान चढलं. व्याही पुढे बसले, विहीणबाई मागे काकूंशेजारी, मी बॅगांमध्ये. किल्ली फिरली. घर्र, घर्र, घर्र. परत. घर्र, घर्र.

"बॅटरी गेली असावी," व्याही सौजन्याने म्हणाले.

"बॅटरी उत्तम आहे," काका म्हणाले.

काकू खिडकीबाहेरच्या खांबाकडे बघत गोड आवाजात म्हणाल्या, "अहो, भंगारवाला सकाळी लवकर उघडतो का हो?"

काका एक क्षण स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग उतरले, बॉनेट उघडलं आणि जगासमोर, व्याह्यांसमोर, पिवळ्या जॅकेटसमोर उघडपणे म्हणाले, "हिला गरम असताना सुरू होता येत नाही. बरेच दिवस झाले. पाणी द्या. आणि फडकं."

फडकं नव्हतं. काकांचा हात प्लास्टिकच्या पिशवीत गेला.

"तो मानाचा आहे!" काकू ओरडल्या. पण टॉवेल तोवर एस्कीत बुडाला होता. काकांनी तो पिळला आणि पंपावर ठेवला. काकूंनी कपाळावर हात मारला, आणि निदान अर्धा मान तरी व्हावा म्हणून उरलेली टोपी तिथेच व्याह्यांच्या डोक्यावर ठेवली.

तेवढ्यात विहीणबाई उतरल्या. रेशमी साडी, रात्रभराचा प्रवास, डोळ्यांत झोप. त्यांनी बॉनेटखाली डोकावून बघितलं. "ताप आलाय का हिला?"

"हो," काका म्हणाले. "फक्त इथे."

"मग घडी अशी ठेवतात का? पसरून ठेवा. आणि गरम झाली की लगेच बदलायची. व्हा बाजूला." त्यांनी पदर खोचला. "आमचा लहानपणी सारखा तापायचा. रात्र रात्र बसलेय मी मिठाच्या पाण्याच्या घड्या घेऊन. अहो, तुम्ही नुसते टोपी घालून काय उभे राहिलात, बर्फ द्या इकडे."

काका बाजूला झाले. मी इतक्या वर्षांत त्यांना यंत्रापासून बाजूला होताना प्रथमच बघत होतो. विहीणबाई घडी बदलत होत्या, व्याही बर्फ देत होते, मी एस्की धरून उभा होतो. पिवळं जॅकेट परत आलं. "ऑल गुड?"

"फीव्हर," विहीणबाईंनी वर न बघता सांगितलं.

त्याने गंभीरपणे मान हलवली. "नो वरीज."

पाच-सहा घड्या झाल्यावर काकांनी इंजिनाला हात लावला. अजून चटका बसत होता. पंपाला हात लावला. गार. मला म्हणाले, "फिरव."

मी किल्ली फिरवली. घर्र, आणि तिने पेट घेतला. धुराचा एक मोठा ढग आला, त्यात व्याही, विहीण आणि पिवळं जॅकेट सगळे नाहीसे झाले. ढगातून काकांचा घोगरा आवाज आला, "पंप! पंपच होता!"

काकू मात्र विरघळल्या नव्हत्या. "सुरू झाली, पण अडली होतीच. ठरल्याप्रमाणे..."

"काय ठरलं होतं?" विहीणबाईंनी विचारलं. काकूंनी सांगितलं. विहीणबाई हात पुसत म्हणाल्या, "आजारी पडलं म्हणून घरातलं माणूस कुणी भंगारात देतं का, विहीणबाई?"

वरमायेचा शब्द! लग्नाआधी तो खाली पडू देणारी वधूमाय अजून जन्माला यायची आहे. गाडी वाचली.

लग्न झाल्यावर काकांनी तिला डिझेल पंपाच्या वर्कशॉपमध्ये नेलं, नीट दुरुस्त केलेला दुसरा पंप बसवून घेतला, आणि जुना पंप त्याच मानाच्या टॉवेलात गुंडाळून घरी आणला.

त्यानंतर काकांचा आनंद बघवत नव्हता. मधेच रस्त्याच्या कडेला थांबायचे, गाडी बंद करायचे, चालू करायचे, आणि माझ्याकडे बघायचे. ग्रोसरीला गेलो की बंद. पेट्रोल पंपावर बंद. "ऐकलंस? गरम आहे बरं का." पाहुण्यांकडे जायचं तर आता अडचणच उरली नव्हती. जायचं, पाच मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं, निघायचं. चहा टाकेपर्यंत काका उठलेले. अल्बम बंद. नळ गळतायत ते गळतायत. लोक मला बाजूला घेऊन विचारायला लागले, "काका रागावलेत का रे आमच्यावर?" मी म्हणायचो, "नाही हो, तब्येत सुधारली आहे." कुणाची ते सांगायची मला बंदी होती.

मग एका रविवारी, दुपार कलताना, पेटीवाल्यांकडे महिन्याची बैठक होती. मंडळातली चार घरं आलेली, अजून पुण्याला न परतलेल्या विहीणबाईही होत्या. स्वयंपाकघरात अळूवड्या तळायला पडल्या होत्या. पेटीवाल्यांनी नवीन पद रचलं होतं आणि ते खास काकांसाठी राखून ठेवलं होतं. काकू बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसल्या होत्या आणि आमटीच्या आठवड्याची गोष्ट सांगत होत्या. पातेलं काकांसमोर ठेवायचा क्षण आला होता. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडत होत्या.

काका उठले. किल्ली खुळखुळवली. "चला, निघू या."

पेटीचा भाता उघडा तो उघडाच राहिला. पेटीवाल्यांचा चेहरा पडला. काकूंचा हात हवेत, न दिसणारं पातेलं धरून. त्यांनी काकांकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं, उंबऱ्याकडे निघालेल्या त्यांच्या पायांकडे बघितलं. आणि सगळ्या मंडळासमोर, विहिणीसमोर, काकूंच्या तोंडून फाडकन निघून गेलं:

"अहो, तो जुना पंप टाकून तर नाही ना दिलात?"